आधी जुनी खदान

ठाणे जिल्ह्यातल्या दिवा जंक्शनवर मध्य रेल्वेची मुख्य लाइन, पनवेलकडे वळणारा फाटा आणि वसईकडे निघणारा फाटा एकत्र येतात. जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदून जातो, तिथे चाकाची कड पलीकडे जावी म्हणून रुळात एक फट ठेवावी लागते. लोकल असो की मालगाडी, प्रत्येक चाक त्या फटीवरून आपटत जाते. साधे पोलाद असा मार फार दिवस सोसत नाही. म्हणून वर्दळीच्या मार्गांवर या जागी ओतीव मँगनीज पोलादाचे क्रॉसिंग बसवतात. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२मध्ये या पोलादाचा शोध लावला. त्यात मँगनीजचे प्रमाण साधारण ११ ते १४ टक्के असते आणि त्याचा गुण असा, की ते जितके आपटले जाईल तितका त्याचा वरचा थर कठीण होत जातो. क्रॉसिंगच्या पुढे-मागे धावणाऱ्या साध्या रुळातही एक टक्क्याच्या आसपास मँगनीज असतेच. भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यतः भिलाईला तयार होतात आणि भिलाईच्या भट्ट्यांना मँगनीज पुरवणारा जवळचा प्रदेश म्हणजे बालाघाट, भंडारा आणि नागपूर. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला मँगनीजची खाण परक्या मुलखातली वाटत असेल, तर ती तितकी परकी नाही. रोज सकाळी तो तिच्यावरून कामाला जातो.

या पुस्तकाचा विषय मँगनीजचे साठे कसे शोधतात आणि कसे काढतात हा आहे. जगात हा उद्योग अनेक ठिकाणी ओसाड, पावसाने पाठ फिरवलेल्या डोंगराळ मुलखात चालतो. आपल्याकडे तो सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, सागवानाच्या जंगलात आणि धानाच्या बांधांलगत चालतो. तंत्राची माहिती पुढच्या प्रकरणांत येईलच. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे, कारण तो मनात धरला तर पुढचा तपशील वेगळा वाचला जाईल. माझे म्हणणे असे, की विदर्भाच्या मँगनीज पट्ट्यात नवी खाण शोधण्याआधी जुनी खाण नव्याने शोधली पाहिजे. तिच्या तळाखाली काय आहे आणि तिच्या भोवतीच्या ढिगाऱ्यांत काय पडले आहे, याचा पुरता हिशोब लागल्याशिवाय जंगलातल्या नव्या खाणपट्ट्यांची मागणी करणे घाईचे आहे. हे म्हणणे भावनेचे नाही. त्याला भूशास्त्राचा, इतिहासाचा आणि बाजाराचा आधार आहे. त्यावर आक्षेपही आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत.

आधी वाळवंट पाहू, कारण शोधाची रीत तिथे सर्वांत उघडी दिसते. सिनाई द्वीपकल्पातल्या उम्म बोग्माच्या डोंगरात विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीज काढले गेले. मोरोक्कोत अ‍ॅटलास पर्वताच्या दक्षिणेला इमिनी येथे डोलोमाइटच्या थरांत मँगनीज डायऑक्साइडचा उत्तम माल सापडतो. अशा प्रदेशात ना माती, ना झाडोरा. डोंगराच्या कड्यावर थर उघडे पडलेले असतात. काळी रेघ डोळ्यांना दिसते, ती कुठवर जाते हे कड्याकडेने चालत पाहता येते, आणि ती कुठे तुटली हेही कळते. दक्षिण आफ्रिकेतल्या कालाहारीची गोष्ट मात्र याच्या उलट आहे आणि जास्त बोधक आहे. तिथे ब्लॅक रॉक नावाची एक छोटी काळी टेकडी वाळूतून डोके काढून उभी होती. ए. डब्ल्यू. रॉजर्स या भूवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिची नोंद केली. टेकडीवरचे खनिज पुढे काढले जाऊ लागले, पण तिच्या भोवती वाळूखाली जमिनीवरचे जगातले सर्वांत मोठे मँगनीज क्षेत्र पसरले आहे, हे समजायला विंधनाची वाट पाहावी लागली. उघड्यावर दिसणारा दगड हा साठ्याचा पत्ता सांगतो, त्याचा आकार सांगत नाही. हे वाळवंटात जितके खरे, तितकेच रामटेक तालुक्यात खरे आहे.

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा आणि बालाघाटपर्यंत धनुष्यासारखा वाकलेला, दोनशेच्या वर किलोमीटर लांबीचा एक खडकपट्टा पसरला आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसर गावावरून त्याला सौसर समूह म्हणतात. त्याच्या पायाशी तिरोडीच्या नावाने ओळखला जाणारा जुना पट्टिताश्म आहे आणि वर सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, बिचुआ अशा गावांची नावे घेतलेले थर आहेत. भूशास्त्राच्या पोथीत इतकी गावे क्वचितच एका रांगेत बसली असतील. मँगनीजचे मुख्य थर मनसर रचनेत आहेत: एक तिच्या तळाशी, एक मध्ये आणि एक माथ्याशी. मनसरचे नाव इतिहासप्रेमी वाचकाला वाकाटकांमुळे ठाऊक असते. तिथल्या हिडिंबा टेकडीवरचे अवशेष त्यांच्या प्रवरपूर या राजधानीशी जोडले जातात. त्याच गावाच्या पोटात वाकाटकांच्या कैक कोटी वर्षे आधीचा समुद्रतळ उभा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. समुद्रतळ म्हणण्याचे कारण असे, की हे खनिज मुळात गाळ म्हणून साचले. पुढे उष्णता आणि दाब यांनी ते खडकासकट रूपांतरित झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर यांनी १९०९मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात हे सविस्तर मांडले. क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या खडकाला त्यांनी इथल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि ते आजही जगभर चालते. फर्मोर यांनी दिलेली काही खनिजनामे नंतरच्या तपासणीत टिकली नाहीत. बेलडोंगरीवरून दिलेले बेलडोंगराइट त्यांपैकीच एक. त्यांची मूळ मांडणी मात्र टिकली.

गाळाचा थर म्हणजे पसरट आणि सलग वस्तू. तो कुठल्याशा भेगेत योगायोगाने भरलेला नसतो, त्यामुळे एका ठिकाणी सापडला की पुढेही सापडण्याची शक्यता असते. सौसरचे थर मात्र एकदा नव्हे, अनेकदा वळ्यांत दाबले गेले. गोधडी चौपदरी घालून वर बसावे आणि मग तिच्यात सुई खुपसावी, तसे या प्रदेशातले विंधन आहे. एकच थर सुईला दोनदा-तीनदा लागतो, कुठे दोन पदर चिकटून जाडी दुप्पट होते, कुठे पदर ताणून कागदाएवढा होतो. पृष्ठभागावर खनिज संपले याचा अर्थ अनेकदा एवढाच, की त्या ठिकाणी वळीचा माथा झिजून गेला आहे. तिच्या बाजू खाली उतरतच असतात. बालाघाटची भरवेली खाण ही याची सर्वांत मोठी साक्ष आहे. शतकापूर्वी टेकडीच्या उतारावर सुरू झालेले काम आज ४०० मीटरांच्याही खाली गेले आहे आणि आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत तिची गणना होते. गुमगाव, कांद्री, मनसर, चिकला इथेही उघड्या खदानीतून भूमिगत कामाकडे असाच प्रवास झाला. याला एक अपवाद लगेच सांगायला हवा. दक्षिण गोव्यात रिवण आणि सांगे परिसरात जे मँगनीज निघाले, ते बहुतांशी पावसापाण्याने खडक कुजून पृष्ठभागाशी एकवटलेले होते. असे खनिज खोलीबरोबर विरळ होत संपते. तिथे ‘जुन्या खाणीच्या तळाखाली शोधा’ हा सल्ला निरुपयोगी ठरेल. माझा मुद्दा रूपांतरित गाळाच्या साठ्यांपुरता आहे, आणि विदर्भाचे साठे त्या जातीचे आहेत. डोंगरी बुजुर्गला वरच्या भागात कुजण्याची प्रक्रियाही झाली आणि म्हणून तिथे बॅटरीच्या उपयोगाचे डायऑक्साइड खनिज मिळते, पण त्याखालचा मूळ थर गाळाचाच.

आता इतिहासाकडे वळू. या पट्ट्यातले संघटित काम १८९६मध्ये स्थापन झालेल्या, पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी म्हणून ओळखल्या गेलेल्या ब्रिटिश कंपनीपासून सुरू होते. ती माल काढत होती तो परदेशी भट्ट्यांसाठी. त्या काळी जगाचा मोठा पुरवठा रशियाच्या ताब्यातल्या कॉकेशसमधल्या चिआतुरा येथून होई. १९०४-०५चे रशिया-जपान युद्ध आणि १९०५ची रशियन क्रांती यांनी तो विस्कळीत झाला, आणि मध्य प्रांताच्या मालाला अचानक सोन्याचे दिवस आले. १९०७मध्ये भारताचे उत्पादन सुमारे ९ लाख टनांवर गेले आणि काही काळ भारत जगात पहिला होता. ज्या खनिजाला नागपूरहून मुंबई किंवा कलकत्ता बंदरापर्यंत रेल्वेचे भाडे आणि पुढे जहाजाचे भाडे भरूनही फायदा व्हायला हवा, ते उच्च प्रतीचेच असावे लागते. म्हणून खाणीच्या तोंडाशी रेजा म्हणजे स्त्री मजूर आणि पुरुष मजूर हातोडीने दगड फोडून, चांगला तुकडा वेगळा करून, बाकीचा ढिगावर टाकत. हा ढीग त्या काळाच्या हिशोबात कचरा होता. आजच्या हिशोबात त्यातला काही भाग खनिज आहे. तुमसर-तिरोडी ही रेल्वेशाखा ज्या मालासाठी टाकली गेली, त्या मालाच्या मागे राहिलेले हे ढिगारे आजही गोबरवाही, चिकला, डोंगरी बुजुर्गच्या परिसरात टेकड्यांसारखे उभे आहेत. त्यांवर झुडपे उगवली आहेत आणि नव्या माणसाला त्या खऱ्याच टेकड्या वाटतात.

स्वातंत्र्यानंतरही निर्यातीची सवय लगेच सुटली नाही. १९४९च्या सुमारास सोव्हिएत संघाने अमेरिकेला मँगनीज देणे जवळपास बंद केले आणि अमेरिकी पोलाद कारखाने भारताकडे वळले. पुन्हा तेच घडले: दुसऱ्याच्या भांडणात आपल्या खदानींना बरकत आली आणि पुन्हा चांगला माल आधी निघून गेला. १९६२मध्ये सरकारने जुन्या कंपनीची मालमत्ता घेऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन केली. तिच्यातले ५१ टक्के भागभांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचे होते, उरलेले ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडे राहिले. १९७७मध्ये तेही सरकारने घेतले. २०१०मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. नागपुरात मुख्यालय असलेली ही मॉइल आज वर्षाला सुमारे १८ लाख टन मँगनीज खनिज काढते आणि देशातल्या उत्पादनाचा जवळपास निम्मा भाग तिचा असतो. मालकी बदलली, निर्यात आटली, देशातल्या पोलादासाठी माल जाऊ लागला. खाणीचा नकाशा मात्र ब्रिटिशांनी जिथे काळा दगड पाहिला, तिथेच बऱ्याच अंशी थांबून राहिला.

देशाच्या एकूण आकड्यांत हीच गोष्ट वेगळ्या वेषात दिसते. भारतात मँगनीज खनिजाची एकूण संसाधने सुमारे ५० कोटी टन मानली जातात. त्यांपैकी आज आर्थिकदृष्ट्या काढता येईल असा खात्रीचा राखीव साठा १० कोटी टनांहूनही कमी आहे. मधली चाळीस कोटी टनांची दरी म्हणजे ‘आहे असे वाटते’ आणि ‘आहे हे माहीत आहे’ यांतले अंतर. त्यातला काही भाग खरोखरच हलक्या प्रतीचा आहे, काही जंगलाखाली किंवा गावाखाली अडकला आहे, आणि बराचसा नीट मोजलाच गेलेला नाही. दुसऱ्या बाजूला, अलीकडच्या वर्षांत देशात जितके मँगनीज खनिज निघते त्याहून जास्त आयात होते, मुख्यतः दक्षिण आफ्रिका, गॅबन आणि ऑस्ट्रेलियातून. २०१७च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०पर्यंत ३० कोटी टन पोलादक्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. पोलादातला गंधक बांधून ठेवायला आणि प्राणवायू काढून टाकायला मँगनीज लागतेच. गंधक मोकळा राहिला तर तापलेले पोलाद लाटताना चिरते. या कामासाठी तेवढ्याच स्वस्तात दुसरे काही मिळत नाही.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. आफ्रिकेचा माल चांगला आहे, मुबलक आहे, जहाजाने स्वस्तात येतो. मग सातपुड्याच्या मुळाशी पैसा का ओतायचा? शिवाय मध्य भारताच्या खनिजात फॉस्फरस तुलनेने जास्त असतो, त्यामुळे फेरोमँगनीज करताना बाहेरचा माल मिसळावाच लागतो. या आक्षेपातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. मँगनीजमध्ये संपूर्ण स्वावलंबनाची भाषा करणारे लोक भट्टीजवळ उभे राहून बोलत नाहीत. पण पहिल्या भागाचे उत्तर इतिहासातच आहे. १९०४ आणि १९४९मध्ये दुसऱ्यांचा पुरवठा तुटला तेव्हा आपण विकणारे होतो. आता आपण घेणारे आहोत, आणि पुरवठा तुटण्याची सवय जगाने सोडलेली नाही. मार्च २०२४मध्ये मेगन या चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडचा धक्का मोडला. तिथली मोठी मँगनीज निर्यात वर्षाहून अधिक काळ बंद राहिली आणि काही महिने जगभर भाव उसळले. एका बेटावरचा एक धक्का मोडला म्हणून चंद्रपूरच्या फेरो अलॉय कारखान्याचे गणित बदलावे, अशी ही साखळी आहे. आयात करावीच. पण घरात काय शिल्लक आहे हे मोजून मग करावी. मोजणीला खाणकामापेक्षा फार कमी पैसा लागतो.

दुसरा आक्षेप खनिजशास्त्राचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर. ढिगाऱ्यांत मँगनीज आहे हे खरे, पण कोणत्या रूपात? ब्राउनाइट, पायरोल्युसाइट, क्रिप्टोमिलेन यांसारख्या खनिजांतले मँगनीज भट्टीला उपयोगी पडते. गोंडाइटमधल्या स्पेसार्टिन या गार्नेटमध्येही भरपूर मँगनीज असते, पण ते सिलिकेटच्या जाळ्यात घट्ट बांधलेले असते. प्रयोगशाळेत नमुना विरघळवून एकूण मँगनीज मोजले तर दोन्हींचे आकडे एकत्र येतात आणि ढीग आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतो. अशा आकड्यांवर प्रकल्प उभारला तर तो बुडणार. म्हणून ढिगाऱ्यांचा साठा मोजताना फक्त टक्केवारी पुरत नाही. कोणते खनिज, कणांचा आकार किती, गार्नेट वेगळे होते की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. ब्राउनाइट जड, क्वार्ट्झ हलका, म्हणून पाण्यात उसळवून वेगळे करणाऱ्या जिगवर या दोघांची विभागणी बरी होते. गार्नेट मात्र क्वार्ट्झपेक्षा बराच जड असल्याने ब्राउनाइटच्या बाजूला सरकतो आणि घोळ होतो. काही ढीग या कसोटीवर नापास होतील आणि तसेच राहतील, यात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच, की नापास करण्याआधी परीक्षा घ्या. एका ढिगाची तपासणी करायला नव्या जंगलात रस्ता पाडावा लागत नाही.

तिसरा आक्षेप खोलीचा. खोल गेले की खर्च वाढतो, पाणी वाढते, छत धरून ठेवायला जास्त आधार लागतो. हे सगळे खरे आहे. विदर्भाच्या भूमिगत खाणींत खनिज एकेक पट्ट्याने काढून मोकळी झालेली जागा वाळूने भरत वर चढतात. त्यासाठी नदीची वाळू लागते, आणि नदीच्या वाळूची अवस्था महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. पण खाणीच्याच टाकाऊ दगडाला दळून वाळू करता येते. असे केले तर ढिगारा कमी होतो, खदानीचे पोट भरते आणि नदीला सुट्टी मिळते. उघड्या खदानीला मात्र खोल जाता जाता आजूबाजूचे खडक सोलत जावे लागते. एक टन खनिजामागे किती टन निकामी दगड उचलायचा हे प्रमाण वाढत जाते आणि एका टप्प्याला ते परवडेनासे होते. म्हणून ‘उघडी की भूमिगत’ हा निवडीचा प्रश्न फार काळ राहत नाही. खोल साठ्याच्या विंधनाचे निकाल जितके लवकर हाती येतील, तितके कूपक, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी, कुठे घ्यायचे हे आधी ठरते. उशिरा कळले तर तोच साठा दुप्पट खर्चाने काढावा लागतो किंवा सोडून द्यावा लागतो.

भूमिगत कामाबद्दल आरोग्याची शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. मँगनीजच्या धुळीचा मज्जासंस्थेवर परिणाम होतो. ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी १८३७मध्ये मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांत चाल बिघडणे, आवाज मंदावणे अशी लक्षणे नोंदवली. १९५५मध्ये मोरोक्कोतल्या खाण कामगारांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात कोरड्या विंधनाची धूळ हा मुख्य दोषी ठरला. वाळवंटी प्रदेशात पाणी महाग म्हणून कोरडे विंधन चालत असे. विदर्भात पाण्याचा असा बहाणा नाही. ओले विंधन, हवेचा पुरेसा प्रवाह, ठरावीक काळाने तपासणी, हे उपाय जुने आणि सिद्ध आहेत. खोल खाणीला परवानगी देताना या गोष्टींचा खर्च प्रकल्पाच्या किमतीत आधीच धरलेला असावा, नंतर कंपनीच्या कल्याणनिधीतून नव्हे.

चौथा आक्षेप गावांकडून येतो आणि तो अर्थशास्त्राच्या भाषेत नसल्याने अहवालांत कमी दिसतो. नवी खाण म्हणजे नवी भरती, ट्रकांची कामे, चहाच्या टपऱ्या. जुन्या खाणीचे पुन्हा परीक्षण केल्याने माझ्या पोराला काय मिळणार? याला गोड उत्तर देता येत नाही. यांत्रिक खाणीत आज पूर्वीसारखी शेकडो माणसे लागत नाहीत, मग ती नवी असो वा जुनी. फरक टिकण्याचा आहे. उघडी छोटी खदान दहा-पंधरा वर्षांत खड्डा मागे ठेवून निघून जाते. भूमिगत खाण पिढी दोन पिढ्या चालते आणि तिच्यात कुशल कामगार, सर्वेक्षक, वीजतंत्री, पंपचालक असे कायमचे हुद्दे तयार होतात. २०१५च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणले. खाणीमुळे बाधित गावांसाठी तिथे पैसा जमा होतो. तो पैसा प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा, सभागृहांवर आणि सिमेंटच्या कमानींवर नव्हे. याच दुरुस्तीने खनिज शोधासाठी राष्ट्रीय न्यासही निर्माण केला, म्हणजे शोधासाठी पैसाच नाही ही सबब फारशी उरलेली नाही.

जंगलाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो आधी मांडला की बाकीचे बोलणे ऐकले जात नाही. मनसर-रामटेकच्या उत्तरेला पेंच व्याघ्र प्रकल्प आणि मानसिंगदेव अभयारण्य आहे, पूर्वेला नागझिरा. वाघ या दोन्हींमध्ये ये-जा करतात आणि सौसरचा खडकपट्टा त्यांच्या वाटेखालूनच जातो. म्हणून इथे नवा खाणपट्टा मागणारा प्रत्येक प्रस्ताव एका लांब वादाची सुरुवात असते. तो वाद ‘विकास विरुद्ध वाघ’ अशा साच्यात गेला की दोन्ही बाजूंना आकड्यांची गरज उरत नाही. जुन्या खाणींचा खोल हिशोब हाती असेल तर प्रश्न नेमका होतो: चालू खाणपट्ट्यांच्या हद्दीत, त्यांच्या खाली आणि त्यांच्या ढिगाऱ्यांत इतके टन आहे. ते पुरेसे नसेल तर उरलेल्यासाठी कोणता तुकडा, किती हेक्टर, किती वर्षे? असा प्रश्न विचारता आला तर वन खात्याला आणि खाण खात्याला एकमेकांशी बोलता येईल.

हे सगळे करण्यासाठी नवी संस्था लागत नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे, मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड नागपुरात आहे, मॉइल नागपुरात आहे, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही नागपुरातच. डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सर्वांसाठी खुले झाले. तरीही दशकांपूर्वी काढलेल्या विंधनांचे खडकगाभे, फुटांत आखलेले ब्रिटिशकालीन खाणनकाशे आणि ढिगाऱ्यांच्या जुन्या नोंदी एका ठिकाणी, एका मापात, एका नकाशावर आणल्या गेल्या तर किती संशोधन वाचेल याचा अंदाज बांधणेही कठीण आहे. चार कार्यालये एकाच शहरात असणे ही सोय आहे. ती अजून पुरती वापरली गेलेली नाही, असे माझे मत आहे.

पुढच्या प्रकरणांत पृष्ठभागावरच्या खुणांपासून खंदक, विंधन, गुरुत्वमापन, साठ्याची वर्गवारी, उघडे आणि भूमिगत काम, धुलाई आणि भट्टी असा क्रम आहे. सिनाई, मोरोक्को आणि कालाहारीची उदाहरणे तिथे पुन्हा येतील, पण तुलनेपुरती. तांत्रिक भाग अवघड वाटला तर वळ्यांचे प्रकरण आधी वाचावे, इतर सर्व त्यावर उभे आहे. आणि वाचताना नागपूर-भंडारा जिल्ह्यांचा एक नकाशा शेजारी उघडा ठेवावा, ही वाचकांना विनंती.